अभ्यासिकेचा रिव्ह्यू : साडेतीन स्टार, आणि थोडं पगाराचं

पहिलंच सांगतो, अभ्यासिकेचं नाव लिहीत नाहीये. मावसभावाला नुकतंच तिथे बसवून आलोय आणि मालक सगळे रिव्ह्यू वाचतात, उगाच त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद व्हायचा. सदाशिव पेठेत आहे, शास्त्री रोडवरून चालत सात-आठ मिनिटं, खाली झेरॉक्सवाला आणि बाजूला मेस. यावरून कुणाला ओळखता येणार नाही, कारण तिथे प्रत्येक अभ्यासिकेच्या खाली झेरॉक्सवाला आणि बाजूला मेसच असते.

मी स्वतः याच अभ्यासिकेत ऑगस्ट २०१६ ते मार्च २०२० बसलो. चव्वेचाळीस महिने. तेव्हा मला कुणी असा लांबलचक रिव्ह्यू लिहून दिला असता तर बरं झालं असतं, म्हणून आता मीच लिहितोय. ज्यांना फक्त सीटचं बघायचंय त्यांनी मधलं सरकारी नोकरीच्या पगाराचं पुराण सोडून दिलं तरी चालेल, पण मला विचाराल तर ते सोडू नका, कारण या खुर्चीचा भाव ठरतो तोच मुळी पगारावर.

आता आधी सुविधा. हॉल दोन, वरचा एसी आणि खालचा नॉन एसी, मिळून १२० खुर्च्या. एसीला महिना १,५००, नॉन एसीला १,१००. माझ्या वेळी ७०० होते आणि एसी नावाची गोष्ट फक्त मालकांच्या केबिनमध्ये होती. खुर्च्या बदलल्यात, आता त्या जाळीच्या पाठीच्या चाकाच्या खुर्च्या आल्यात, आमच्या वेळी प्लास्टिकच्या होत्या, उन्हाळ्यात उठलं की पँट चिकटून खुर्ची पण थोडी उठायची. प्रत्येक सीटला तीन बाजूंनी प्लायचं पार्टिशन, एक लाइट, एक सॉकेट. वायफाय आहे पण यूट्यूबवर लेक्चर बघायला पुरत नाही, तो रात्री अकरानंतर बरा चालतो. पाण्याचा फिल्टर चालू आहे (हे लिहावं लागतं यातच सगळं आलं). बाथरूम पुरुषांसाठी दोन, मुलींसाठी एक, आणि आता बसणाऱ्यांत निम्म्या मुली असल्या तरी एकच, इथे मी अर्धा स्टार कापला. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर लाइट-पंखे चालतात, एसी नाही.

एक महत्त्वाचं, जिना. जिना एकच आहे आणि अरुंद आहे. जुलै २०२४ मध्ये दिल्लीत राजेंद्र नगरला एका क्लासच्या तळघरातल्या लायब्ररीत पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले, त्यानंतर मी कुठेही गेलो की आधी बाहेर पडायचा रस्ता बघतो. ही अभ्यासिका तळघरात नाही, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर आहे, पण आग लागली तर १२० पोरं त्या एका जिन्यावरून कशी उतरणार हे मी मालकांना विचारलं तर ते म्हणाले, अहो इतकी वर्षं काही झालं नाही. पुन्हा अर्धा स्टार.

शांतता मात्र पूर्ण मार्कांची. मोबाईल सायलेंट नसेल तर पहिल्यांदा वॉर्निंग, दुसऱ्यांदा पन्नास रुपये दंड, आणि तो खरंच घेतात. पेनचं टोपण पडलं तरी दहा माना वर होतात.

आता मावसभावाचं. पोरगा जिंतूरकडचा, बीएस्सी झालाय, चाकणला एका कंपनीत अप्रेंटिस म्हणून आठ महिने काढले आणि घरी सांगून टाकलं की मला एमपीएससी करायचीय. मावशीचा मला फोन, तू तिकडं आहेस तर जरा बघ. मी त्याला गाडीवर मागं बसवून चार अभ्यासिका दाखवल्या. तिसऱ्या ठिकाणी जिन्यात थांबून तो म्हणाला, "दादा, एक खरं सांग, सरकारी नोकरीत एवढं काय आहे? म्हणजे मला करायचीच आहे, पण तू चार वर्षं बसलास, तुला काय वाटतं, त्यांना एवढा पगार द्यायला पाहिजे का?"

जिन्यात उत्तर देण्यासारखा प्रश्न नाही तो. म्हणून खाली चहाला आलो आणि तिथे कागदावर हिशोब मांडला, तोच इथे देतो.

माझा जुना रूममेट २०२३ च्या तलाठी भरतीत लागला. आता तलाठी म्हणायचं नाही, ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, नाव बदललंय, गावात लोक अजून तलाठीच म्हणतात. त्याचं बेसिक २५,५०० पासून सुरू, त्यावर महागाई भत्ता पन्नास टक्क्यांच्या वर, मग घरभाडं, प्रवास भत्ता, त्यातून पेन्शनचे दहा टक्के आणि व्यवसाय कर कापून हातात अडतीस-चाळीसच्या घरात येतात. मी भोसरीत एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअर आणि डिस्पॅच बघतो, हातात २७,०००. आम्ही दोघं एकाच वयाचे, एकाच मेसमध्ये जेवलेले, खरं तर चालू घडामोडी माझ्या त्याच्यापेक्षा बऱ्या होत्या हे तो पण मान्य करतो. फरक महिन्याला बारा हजारांचा. वर्षाला दीड लाखाच्या आत, तीस वर्षं हाच फरक धरला तरी त्रेचाळीस लाख, आणि हा फरक तेवढाच राहणार नाही कारण त्याची तीन टक्के वाढ ठरलेली आहे आणि माझी आमच्या साहेबांच्या मूडवर आहे. वर वेतन आयोग. सहाव्या आयोगात केंद्राचं कमीत कमी बेसिक ७,००० होतं, सातव्यात १८,००० झालं, आता आठवा न्यायमूर्ती रंजना देसाईंच्या अध्यक्षतेखाली बसलाय. आमच्या कंपनीत आयोग नाही, दिवाळीला मिठाईचा बॉक्स आहे, गेल्या वर्षी अर्धा किलोचा होता, या वर्षी पाव किलोचा.

हे झालं जमेचं. आता खर्चाचं, जे कुणी मांडत नाही. चव्वेचाळीस महिने, खोलीतल्या एका कॉटचं भाडं, मेस, अभ्यासिका, चहा-पाणी मिळून महिन्याला साडेसात हजार धरा, ते झाले तीन लाख तीस हजार. क्लासचे पंचेचाळीस हजार, पुस्तकं आणि टेस्ट सिरीज पंचवीस हजार. म्हणजे चार लाख. वडिलांनी दोनदा सोयाबीनचे आलेले पैसे तसेच्या तसे माझ्या खात्यावर टाकले होते ते यातच आले. आणि त्या काळात मी साधी पंधरा हजारांची नोकरी केली असती तर सहा लाख साठ हजार कमावले असते ते पण गेले. सगळं मिळून साडेदहा लाखांच्या वर. म्हणजे मी साडेदहा लाख लावले त्रेचाळीस लाखांसाठी.

वाईट सौदा नाही वाटत ना? मला पण नव्हता वाटला. आता आकडे बघा. २०२३ च्या तलाठी भरतीला जागा ४,६४४ आणि अर्ज दहा लाखांच्या वर. म्हणजे सव्वादोनशे माणसांत एक. आमच्या अभ्यासिकेत खुर्च्या १२०. हिशोबाने अख्ख्या अभ्यासिकेतून अर्धा माणूस तलाठी होतो. (एकच पोरगं दहा ठिकाणी फॉर्म भरतं त्यामुळे हिशोब एवढा सरळ नाही हे मला कळतं, पण साधारण चित्र हेच.) फॉर्मची फी खुल्या प्रवर्गाला हजार आणि राखीवला नऊशे होती, दहा लाख गुणिले नऊशे करून बघा फक्त. २०२४ ची पोलीस भरती, जागा १७,४७१ आणि अर्ज सतरा लाखांवर, त्यात इंजिनिअर झालेली, एमबीए केलेली पोरं मैदानावर सोळाशे मीटर पळत होती.

मावसभाऊ म्हणाला, म्हणजे पगार कमी केला तर गर्दी कमी होईल. बरोबर आहे, पण अर्धंच बरोबर आहे, आणि इथेच माझं आणि कंपनीतल्या लोकांचं भांडण होतं. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत विषय निघाला की सगळे एका सुरात, सरकारी लोक काम करत नाहीत आणि पगार मात्र आपल्या दुप्पट, आपल्या टॅक्समधून. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी संप झाला, एकच मिशन जुनी पेन्शन, आठवडाभर सगळी ऑफिसं बंद, तेव्हा तर आमच्याकडे लोक नुसते चिडले होते. मी पण चिडलो होतो. आपल्याला पीएफ सोडला तर म्हातारपणी काही नाही आणि हे पेन्शनसाठी रस्त्यावर. पण मग विचार केला की त्यांच्यातल्या पण १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना ती पेन्शन नव्हतीच, एकाच टेबलावर बसणाऱ्या दोघांत एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही, मग तो दुसरा ओरडणारच. आपण ओरडत नाही कारण आपल्या टेबलावर कुणालाच नाही.

आता झाडूवाल्या मावशींचं सांगतो, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. अभ्यासिकेत सकाळी साडेपाचला झाडू मारायला एक मावशी येतात, माझ्या वेळेपासूनच्या. दोन्ही हॉल, जिना, तिन्ही बाथरूम. मला बघून ओळखलं, म्हणाल्या, लागला का रे कुठं? लागलो म्हटलं, कंपनीत. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. त्यांना इथले सहा हजार मिळतात, आणि अजून दोन ठिकाणी धुणीभांडी. त्यांची जाऊ एका महापालिकेत कायम झाडूवाली आहे, सासऱ्यांच्या जागेवर वारसाहक्काने लागली, लाड-पागे समितीच्या शिफारशीने सफाई कामगारांच्या घरातल्यांना ती सोय आहे. काम तेच. झाडू तोच, कचरा तोच, उलट रस्त्यावरचा कचरा जास्त घाण. जावेला पगार, भत्ते, सुट्टी, दवाखाना, सगळं मिळून मावशींच्या पाच-सहा पट पडतं. मावशी म्हणतात, तिचं नशीब.

सातव्या वेतन आयोगाने अहमदाबादच्या आयआयएमकडून अशी तुलना करून घेतली होती, आयोगाच्या २०१५ च्या अहवालातच ती आहे. सगळ्यात खालच्या हेल्परला सरकारात सगळं धरून २२,५७९ रुपये, आणि त्यांनी पाहणी केलेल्या खाजगी ठिकाणी त्याच कामाला ८,००० ते ९,५००. म्हणजे दुपटीच्या वर. हा आकडा मी कंपनीत सांगितला तर एक जण लगेच म्हणाला, बघ, सरकार पैसे उधळतंय. मी म्हटलं, अरे नऊ हजारात तू घर चालवून दाखव ना. बावीस हजार जास्त नाहीयेत, नऊ हजार कमी आहेत. जावेचा पगार कापून मावशींच्या बरोबरीला आणला तर मावशींना काय मिळणार? फक्त एक गरीब जाऊ अजून.

माझं म्हणणं एवढंच की खालच्या कामाला सरकारने जास्त द्यावं, द्यायलाच पाहिजे. माणसाला जगता येईल एवढं देणारं कुणीतरी असलं तरच बाकीच्यांना लाज वाटेल. घोटाळा असा की बाकीच्यांना लाज वाटतच नाहीये. भोसरी-चाकणला हेल्पर ठेकेदारामार्फत, ऑपरेटर ठेकेदारामार्फत, अकरा महिने झाले की ब्रेक, परत नवीन कार्ड. आयटीचं पण तेच, मोठ्या कंपन्यांत फ्रेशरला पंधरा वर्षांपूर्वी जे सव्वातीन-साडेतीन लाखांचं पॅकेज होतं ते आजही साधारण तिथंच आहे, आणि त्या पंधरा वर्षांत हिंजवडीत वन बीएचकेचं भाडं कुठं गेलं ते सगळ्यांना माहितीय. ही जी दोन बाजूंमधली दरी आहे ना, त्या दरीत ही अभ्यासिका उभी आहे. मालकांनी एसी लावला, चाकाच्या खुर्च्या आणल्या, ७०० चे १,५०० केले, ते सगळं त्या दरीतून आलं. उद्या चाकणला पस्तीस हजार आणि कायम नोकरी मिळायला लागली तर या १२० मधल्या साठ खुर्च्या महिन्याभरात रिकाम्या होतील, आणि मेसवाला, झेरॉक्सवाला, टेस्ट सिरीजवाला सगळे गावाकडे जातील.

आणि सरकार पण काही कमी नाही. शिक्षण सेवकाला पहिली तीन वर्षं वर्गावर शिकवायचं आणि मानधन किती, तर प्राथमिकला ६,०००, ते २०२३ मध्ये १६,००० झालं. माझी एक चुलत बहीण त्या सहा हजारात दोन वर्षं राहिली, शाळा घरापासून साठ किलोमीटर, एसटीचा पासच हजारभर. त्याच शाळेतले तिच्या शेजारच्या वर्गावरचे गुरुजी तेव्हा सत्तर हजार घेत होते. सरकारी विरुद्ध खाजगी म्हणून आपण भांडतो पण त्या एका व्हरांड्यात दोन्ही होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये तर बाहेरच्या नऊ एजन्सींकडून कंत्राटी भरती करायचा जीआर आला होता, शिपायापासून इंजिनिअरपर्यंत, पोरं रस्त्यावर उतरली आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. पण ऑफिसांत बघा, डेटा एंट्रीवाला कंत्राटी, ड्रायव्हर कंत्राटी, सिक्युरिटी कंत्राटी. म्हणजे सरकारी पगार जास्त असावा का हा प्रश्न विचारायला पण आधी सरकारात खरा सरकारी किती जण राहिलेत ते मोजावं लागेल.

वरच्या बाजूला सगळं उलटं आहे, तिथे जास्त वेळ घालवत नाही. केंद्रात सगळ्यात वरचा सचिव अडीच लाख बेसिक आणि सगळ्यात खालचा अठरा हजार, चौदा पट. खाजगीत मोठ्या कंपनीचा सीईओ आणि तिथला हेल्पर यांच्यात किती पट असेल ते तुम्हीच काढा, कॅल्क्युलेटर लागेल. ग्रामीण रुग्णालयाला भूलतज्ज्ञ मिळत नाही, बालरोगतज्ज्ञ मिळत नाही, कारण बाहेर त्याला तिप्पट-चौपट मिळतात. तिथे सरकारने जास्त द्यावं म्हटलं तर कुणी विरोध करत नाही, शिपायाला दिलं की मात्र सगळ्यांच्या पोटात दुखतं.

काम करत नाहीत म्हणाल तर दोन्ही बघितलेत. माझा तो रूममेट चार गावं सांभाळतो, अतिवृष्टी झाली की गुडघाभर चिखलात पंचनामे, ई-पीक पाहणीला रेंज नाही म्हणून शेतकरी त्याच्यावरच ओरडतात, मध्येच निवडणुकीची ड्युटी. त्याला मी चाळीस हजार जास्त आहेत असं तोंडावर म्हणू शकत नाही. आणि मी एका सरकारी ऑफिसात एका दाखल्यासाठी चार वेळा गेलोय, पाचव्या वेळी पण तो माणूस मोबाईलवरून मान वर न करता सोमवारी या म्हणाला. त्याला पण तोच पगार. परीक्षा पास होणं म्हणजे चिठ्ठी लागणं, पुढे तीस वर्षं तो काय करतो ते बघायला कुणी नाही, तीन टक्के दोघांना. पगार कमी करायची गरज नाही पण त्या सोमवारवाल्याची वाढ तरी कुणीतरी अडवायला पाहिजे. आमच्या कंपनीत उलट, वाढ सगळ्यांचीच अडवतात.

बरं, परत अभ्यासिकेकडे, भरकटलो.

लॉकडाऊनचा किस्सा सांगायलाच पाहिजे. एमपीएससीची राज्यसेवा पूर्व परीक्षा ५ एप्रिल २०२० ला होती. मार्चमध्ये सगळं बंद झालं, आम्ही हाताला लागेल ते घेऊन गावी पळालो, पुस्तकं लॉकरमध्ये तशीच. परीक्षा पुढे पुढे ढकलत गेली, शेवटी १४ मार्च २०२१ ठरली, ती पण तीन-चार दिवस आधी पुढे ढकलली, मग पुण्यात नवी पेठेत शास्त्री रोडवर हजारो पोरं बसली आणि शेवटी २१ मार्चला झाली. तोपर्यंत मी कंपनीला लागलो होतो, त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट होती, पेपर दिलाच नाही. मधे पुस्तकं आणायला गेलो तर मालकांनी लॉकरचे सहा महिन्यांचे पैसे मागितले, बंद अभ्यासिकेतल्या बंद लॉकरचे. डिपॉझिटचे पाचशे त्यातच वळते करून घेतले. मी तेव्हा काही बोललो नाही, आता बोलतोय. तो तिसरा अर्धा स्टार.

आता विचाराल तर एवढं सगळं असून भावाला तिथेच का बसवला. कारण बाकीच्या तीन याहून वाईट होत्या. एकीत तर खुर्च्या एवढ्या चिकटून की शेजाऱ्याच्या नोट्स वाचूनच सिलॅबस पूर्ण व्हावा. आणि मी त्याला नको म्हणू शकलो नाही. माझे साडेदहा लाख गेले म्हणून त्याचे जातीलच असं नाही, रूममेटचे तर वसूल झाले ना. कमाल वय खुल्याला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे, म्हणजे पोरगं बसायचं म्हटलं तर अजून पंधरा वर्षं बसू शकतं, ही सवलत आहे की सापळा हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या वेळी २७ नंबरला एक दादा बसायचे, पस्तिशीचे, लग्न झालेलं, मुलगी बालवाडीत. जागा निघाल्या की हसायचे, नाही निघाल्या की चहा पाजायचे. यावेळी गेलो तर २७ ला दुसरंच कुणीतरी होतं, बरं वाटलं, आणि मग वाटलं की लागले म्हणून गेले का वय निघालं म्हणून, ते विचारायचं धाडस झालं नाही.

भावाशी ठरलंय ते असं, दीड वर्ष. तेवढ्यात जे होईल ते, मग अप्रेंटिसचं सर्टिफिकेट घेऊन परत लाईनला लागायचं. मावशीला पण हेच सांगितलंय. तो हो म्हणालाय. मी पण माझ्या वडिलांना दोनच वर्षं म्हणालो होतो, त्यामुळे त्याच्या हो वर माझा किती विश्वास आहे ते तुम्ही समजून घ्या.

पैसे भरताना मालक म्हणाले, वर्षाचं एकदम भरा, दोन महिने फ्री देतो. आठव्या आयोगानंतर बघा सीट मिळणार नाहीत, आत्ताच घेऊन ठेवा. बघितलंत ना, शिफारशी अजून आल्या नाहीत आणि इथे बुकिंग चालू. मी तीन महिन्यांचेच भरले, नॉन एसीचे. तुम्ही पण तीन महिन्यांच्या वर भरू नका, मध्येच सोडलं तर पैसे परत मिळत नाहीत, बोर्डावर बारीक अक्षरात लिहिलंय.

सीट घ्यायची तर खालच्या हॉलमध्ये १४ ते २० घ्या, उजेड चांगला आणि बाथरूमपासून लांब. खिडकीकडच्या ३० ते ३६ घेऊ नका, खाली रात्री दीडपर्यंत चहाची गाडी असते, आलं ठेचायचा आवाज थेट कानात येतो आणि वास आला की उठावंसं वाटतंच. वरच्या हॉलमध्ये एसीच्या बरोबर खाली बसलात तर पाणी टपकतं, आधी वर बघा. मेस बाजूचीच लावा, ३,३०० महिना, रविवारी संध्याकाळी बंद, भाजीत बटाटा रोज असतो पण पोळ्या गरम देतात. लॉकरचं डिपॉझिट आता हजार आहे, पावती मागा, देत नाहीत, उभं राहून मागा. आणि सकाळी साडेपाचला पोचलात तर मावशी झाडत असतात, ओल्या फरशीवरून जाऊ नका, पाच मिनिटं जिन्यात थांबा.